उलटी बसलेली चेन

“हे तुमच्यातल्या एकालाबी पटायचं न्हाई,” मी म्हणालो. “पटलं, तर मिशी उतरवीन.”

“उतरवायला हाय कुठं, तात्या?” मच्छिंद्र म्हणाला. “चार केस हायेत, त्येबी एकमेकांशी बोलत न्हाईत.”

अंगणात हशा झाला. मी होऊ दिला. ऐकणारा हसला की त्याचं तोंड उघडं राहतं, आणि उघड्या तोंडात काहीही घालता येतं, हे मला फार जुनं ठाऊक आहे.

टोळी आदल्याच दिवशी ऊसतोडीवरून परत आली होती. पाडवा होऊन गेला होता, उन्हाला धार आली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरवलेला संसार अजून अंगणातच पडला होता. काळी झालेली पातेली, ताडपत्रीच्या गुंडाळ्या, कोपीचे, म्हणजे फडातल्या झोपडीचे, बांबू, कोयत्यांचं गाठोडं. सगळ्याला पाचटाचा आंबूस वास. दिवस मावळतीला टेकला होता. माझा कल्याण उंबऱ्यावर बसून टाचांच्या भेगांत खोबरेल भरत होता. सून सविता चुलीपुढं चहा गाळत होती. मच्छिंद्र, कल्याणच्याच टोळीतला, पालथ्या घमेल्यावर बसला होता. आणि कुडाच्या आडोशाला, आम्हाला पाठ करून, लंकाबाई शेळीला बाभळीच्या शेंगा चारत होती.

लंकाबाई म्हणजे माझ्या चुलतभावाची, कानिफनाथाची बायको, कुडापलीकडच्या घरात एकटीच राहणारी. कानिफनाथ माझ्याहून धाकटा, म्हणून मी तिचा थोरला दीर. आमच्याकडं धाकट्याच्या बायकोनं थोरल्या दिरापुढं पदर ढळू द्यायचा नाही आणि त्याच्या तोंडावर बोलायचं नाही. कानिफनाथाला जाऊन किती पावसाळे झाले, तिचंही डोकं पांढरं झालं, लेक जामखेडला देऊन नातवंडं झाली, पण तिनं रीत सोडली नाही. मला काही सांगायचं झालं की ती शेळीला सांगायची.

“चांगुणे, सांग त्यांना, भाकरी झाकून ठिवलीय.”

मग मीही म्हणायचो, “चांगुणे, म्हनावं कालच्या पिठल्यात मीठ पडलंच न्हवतं.”

दोन्ही घरांत जे काही घडलं ते सगळं त्या शेळीला ठाऊक होतं. म्हणून तर तिची दाढी पिकली.

त्या सकाळीच कल्याणनं एक गोष्ट ठरवून टाकली होती. दात घासता घासता म्हणाला, “पुढच्या सीझनला तुमी पुष्पाकडं ऱ्हायचं. भोसरीला. माझं तिच्याशी बोलनं झालंय. घराला कुलूप लावायचं.”

“का बरं?”

“का म्हंजी? आमी तिकडं फडात, आन हितं तुमी एकटे. रोज फोन लागतो का न्हाई बघत बसायचं. एक दिस लागला न्हाई की हिला घास गिळत न्हाई. आता न्हाई जमायचं, आबा.”

पुष्पावती माझी लेक, गुणाची आहे. जावईही गुणाचा. पण त्यांच्या खोलीच्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. मी तिथं एकदा राहिलो होतो. दुपारभर जिन्यात बसायचो आणि वर-खाली जाणाऱ्याला राम राम घालायचो. दोन दिवसांत लोक लिफ्टनं जायला लागले.

तेव्हा मला ही गोष्ट सांगणं भागच होतं. म्हातारा एकटा राहू शकतो, एकट्यानं डोंगर हलवू शकतो, हे कल्याणला पटवायचं, तेही साक्षीदारांसमोर. म्हणून मच्छिंद्राला चहाला थांबवला.

“सांगा तर खरं,” कल्याण म्हणाला. “काय केलं एवढं आमच्या मागं?”

“आधी तुझ्या कटरचं सांगतो.”

जायच्या आधी कल्याणनं झाडं कापायचं एक जुनं कटर आणलं होतं. पेट्रोलवरचं, पुढं लांब पातं आणि पात्याभोवती फिरणारी दातांची चेन. परत आल्यावर बांधावरच्या वाळक्या बाभळी तोडायच्या, भट्टीला लाकूड घालायचं, आणि काम हाताला लागलं तर कोयता कायमचा खाली ठेवायचा, असा त्याचा विचार. निघायच्या दिवशी ट्रॅक्टर हॉर्न देत होता आणि हा मला कटर उघडून दाखवत होता. पेट्रोल काढून ठेवायचं, नाहीतर आत चिकटा धरतो. जाळी ब्रशनं झाडायची. पात्याच्या खाचेत भुसा आणि तेल मिळून चिखल होतो, तो पत्र्याच्या तुकड्यानं खरवडायचा. चेन तेलात बुडवून ठेवायची. धार लावायची. “पन आबा, चालू करायचं न्हाई. निस्तं सांभाळायचं.”

“निस्तं सांभाळायचं,” मी म्हणालो होतो. आयुष्याच्या शेवटी माणसाला एवढंच काम देतात.

तर ऐका, तुम्ही गेलात आणि वस्ती अशी सुनी झाली की कुत्र्यांनी भुंकणं सोडलं. भुंकणार कुणावर? माझ्यावर भुंकून भुंकून त्यांना माझी दया यायला लागली. माझी सावलीसुद्धा दुपारी बाहेर पडायला कंटाळायची, पायाखाली येऊन बसायची. हाक मारली तर समोरचा खडक पहिले काही दिवस उलट हाक द्यायचा. नंतर त्यानंही सोडलं.

“खडकानं?” सवितानं विचारलं.

“त्योबी कटाळला, पोरी. रोज त्येच त्येच.”

मग मी कानस हातात घेतली. गोल कानस, उदबत्तीहून जाड, पेन्सिलीहून बारीक. पातं दोन गुडघ्यांत धरायचं, चेनीचा एक दात समोर घ्यायचा आणि कानस आतून बाहेर ढकलायची. परत येताना उचलून घ्यायची. परतताना घासली की दाताची धार मरते आणि कानसही मरते. एका दाताला जितके हात, तितकेच दुसऱ्याला. नाहीतर पातं लाकडात सरळ जात नाही, दारुड्यासारखं एका अंगाला ओढतं. माझ्या अंगठ्याच्या पेराला भेग पडली, त्या भेगेत लोखंडाचा कीस बसला, तो अजून निघाला नाही. बघा.

चेनीत एक दात डावा असतो, मग एक उजवा, पुन्हा डावा, पुन्हा उजवा. हे बघून मला तुमची टोळी आठवली. तुमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. तेव्हा मी एकेका जोडीला नाव दिलं. हा कल्याण, ही सविता. हा मच्छिंद्र, ही त्याची कडूबाई.

“मलाबी घासलं व्हय?” मच्छिंद्र म्हणाला.

“रोज. तुला दोन हात जास्तीच. तुझी धार लवकर जायाची. कडूबाईला कधी कानस लागलीच न्हाई.”

“त्ये मातुर खरं हाय,” मच्छिंद्र म्हणाला. त्याच्या बायकोच्या जिभेची ख्याती कारखान्यापर्यंत होती.

मी त्यांच्याशी बोलायचो. कल्याण, पाठ दुखती का रं? सविता, गार पान्यात हात घालू नगंस. कानस चालू असली की खर्र खर्र असा आवाज यायचा आणि घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. थांबलो की कळायचं. म्हणून मी थांबायचोच नाही. धार अशी झाली की एक माशी येऊन दातावर टेकली, ती उडाली तेव्हा दोन माश्या होत्या. एक पाथर्डीच्या अंगाला गेली, एक शेवगावच्या.

“झालं,” कल्याण म्हणाला. “झाली सुरुवात.”

चेन जिथं जोडलेली होती तिथं मात्र डाव्या दाताशेजारी पुन्हा डावाच दात आला होता. त्याला जोडी नव्हती.

“त्यो कोन, मामा?” सवितानं विचारलं.

“त्यो जोडनाराचा हिशोब चुकला,” मी म्हणालो आणि चहा मागितला.

सवितानं कप दिले. एक कप कुडाआड नेऊन दिला आणि तिथूनच म्हणाली, “अगं बाई, काकू, तळहाताला काय झालं? सालटंच गेलंय.”

लंकाबाईनं हात पदराखाली घेतले.

“गिरनीवालाबी उसाला गेलाय,” मी इकडून म्हणालो. “जात्यावर दळावं लागलं तिला. दुसरं काय हुनार?”

शेळीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं नाही.

बोलता बोलता कल्याणची नजर दारातून आत आढ्याकडं गेली. तिथं आमची दोन माणसांची करवत आडवी टांगलेली असते. माझी आणि मनकर्णेची. मनकर्णा म्हणजे कल्याणची आई. आमच्या दोघांच्या हातची तुळई या टापूत कितीतरी घरांत अजून टिकून आहे. करवतीचं एक गुपित आहे. ती ओढायची असते, ढकलायची नसते. मी ओढायचो तेव्हा मनकर्णा हात सैल सोडायची. ती ओढायची तेव्हा मी. कुणी ढकललं की पातं वाकतं आणि भांडण होतं. आमचं फार होत नसे. तिच्या बाजूच्या मुठीला तिच्या बोटांची खळी पडलीय. ती गेल्यावर मी करवत वर टांगली. एकट्या माणसाला करवत म्हणजे नुसती लोखंडाची पट्टी. दुसऱ्या टोकाला कुणी नसेल तर ती थरथरते, कापत नाही.

“आबा,” कल्याण म्हणाला, “करवतीचा गंज कुठं गेला?”

“उंदरांनी खाल्ला.”

“गंज?”

“दुष्काळ हाय बाबा. आवंदा उंदरांच्या ताटात दुसरं हाय काय?”

मच्छिंद्राला ठसका लागला. मी पुढं सरकलो.

होळी झाली आणि एके दुपारी वारं सुटलं. पाऊस म्हणाल तर चार थेंब. मी अंगणात उभा होतो, त्यातले दोन माझ्यावर पडले आणि दोन चांगुणीवर. वारं मात्र असं की दोरीवरचं माझं धोतर सुटलं, ते डोंगरावरच्या देवळाच्या कळसाला जाऊन गुंडाळलं. लोकांनी नवसाची पताका समजून खालून हात जोडले. आणि त्याच वाऱ्यात वाटेवरची थोरली बाभळ मुळासकट आडवी झाली.

ती बाभळ तुम्हाला ठाऊक आहे. वस्तीकडं येणारी वाट तिथं अरुंद आहे, एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला ओढ्याची घळ. बाभळ बरोबर वाटेवर, कुंपण घातल्यासारखी. दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर आला तो पलीकडंच थांबला. बिभीषण, टँकरचा ड्रायव्हर, खाली उतरला, झाडाभोवती एक फेरी मारली आणि डोक्याला हात लावला.

“आजोबा, झाड काढा. एका अंगाला खडक, आन झाडाला वळसा घालून टँकर काढला तर घळीत जाईल.”

“माझ्या एकट्यानं कसं निघंल?”

“मानसं बोलवा.”

“मानसं उसात हायेत.”

“सरपंचाला सांगा.”

“त्योबी उसातच हाय.”

तो बिचारा काय करणार? पलीकडच्या वस्तीच्या हौदात पाणी ओतून निघून गेला. तिथून हंडा आणायचा म्हणजे झाडावरून चढून यायचं. बाभळीचे काटे माझ्या बोटाएवढे. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत, ते पाहुण्यासारखे आहेत, मनात आलं तर चालतात. मी कळशी आणायचो, तीही अर्धी. आंघोळ सोडली. तोंड धुवायचो ते पाणी शेळीला, आणि शेळीनं सोडलं तर तुळशीला.

लंकाबाई मोठा हंडा आणायची. डोक्यावर हंडा, एका हातानं फांदी धरायची, पदर काट्यात. एके सकाळी पाय घसरला. हंडा घरंगळत घळीत गेला, त्याचा आवाज मी इथं अंगणात ऐकला. गेलो, तर ती खोडावर बसलेली. लुगडं भिजलेलं, कोपर सोललेलं. रडत नव्हती. वाळत चाललेल्या ओल्या मातीकडं बघत होती. शेळी मागं मागं आली होतीच.

“चांगुणे,” ती म्हणाली, “सांग त्यांना. माझं पानी सांडलं.”

आजवर शेळीमार्फत किती निरोप आले असतील, पण त्या निरोपाला मी घरातली अर्धी कळशी आणून शेळीपुढं ठेवली.

अंगणात कुणी हसलं नाही. सविता कुडाकडं बघायला लागली. मला ते चालणार नव्हतं, म्हणून मी आवाज चढवला.

“मग मी कटर काढलं!”

“आबा, मी काय सांगितलं हुतं?”

“चालू करू नगा. मी न्हाई केलं. त्येनंच ठरवलं.”

चेन तेलातून काढली, पुसली, एकेक दात उन्हात बघितला. पात्याची खाच खरवडली. चेन पात्यावर चढवली, ताण दिला. बोटानं ओढून सोडली की टक्कन जागेवर बसायला हवी, तशी बसली. तेल भरलं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून तुझ्या बाटलीतलं घातलं. आणि दोरी ओढली. पहिल्या ओढीला खांदा बोलला. पुढच्या ओढीला कंबर बोलली. मग कटर असं ओरडलं की पलीकडच्या ओढ्यातली टिटवी अंडी तशीच टाकून उठली. मी बाभळीच्या खोडावर पातं टेकवलं.

“आन?” मच्छिंद्र पुढं सरकला.

धूर. निळा, कडू धूर. डिंक जळाल्याचा वास. मी दाबतोय, कटर बोंबलतंय, खोड काळं पडतंय, पण खाच काही खोल जाईना. बाजू बदलली, तेच. सगळा जीव लावून दाबलं, तेच. हातांना मुंग्या, डोळ्यांत पाणी. मागं वळून बघतो तर चांगुणी आणि तिच्यामागं लंकाबाई.

“चांगुणे,” ती म्हणाली, “विचार त्यांना, झाड कापत्यात का भाजत्यात?”

कल्याणनं तेलाची वाटी खाली ठेवली. “आबा, पात्याच्या वरच्या अंगाला दातांची तोंडं कुनीकडं हुती?”

“माझ्याकडं.”

“तुमच्याकडं?”

“मग कुनीकडं करायची? आयुष्यभर करवत वडून घेतलीय. दातानं आपल्याकडंच यावं लागतं.”

कल्याणनं कपाळाला हात मारला. “उलटी! उलटी बसवली चेन! वरचे दात पुढं बघाया पायजेत, शेंड्याकडं. तुमी दातांच्या पाठी घासत हुता लाकडावर.”

“म्हंजी बाभळीला गुदगुल्या केल्या,” मच्छिंद्र म्हणाला आणि घमेल्यावरून खाली बसला.

“चेन उलटी न्हवती,” मी म्हणालो. “बाभळ उलटी पडली हुती. शेंडा उगवतीला आला असता तर चेन बरूबर सुलटी झाली असती.”

हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. कल्याणही हसला. महिनोन्‌महिने फडात वाकून आलेला माणूस असा हसला की त्याच्या पाठीतून आवाज निघतो. मला बरं वाटलं. म्हटलं, आता लोखंड तापलंय.

“मग वो, मामा?” सवितानं विचारलं. “झाड तर न्हाई आता वाटंवर. कालच आलो आमी.”

“मग काय! चेन काढली, फिरवली, आन एकट्यानं सगळी बाभळ कापून काढली.”

खोडाला आधी हळदकुंकू लावलेलं होतं. पडलेलं असलं तरी झाड आहे, त्याची माफी मागितली पाहिजे. काम सकाळी गारव्यात सुरू करायचं, ऊन चढलं की थांबायचं, दिवस कलला की पुन्हा. आधी फांद्या, मग शेंड्याकडचं, मग खोड. बाभळीचा गाभा म्हणजे काय, तांबडा, शिळ्या गुळाच्या ढेपेसारखा. बारीक पीठ गळायचं, पायावर साचायचं, घामात चिकटायचं. खाच मिटायला लागली की पाचर मारायची.

“एवढे दिस?” कल्याण म्हणाला. “कटरनं ते काम एका दुपारचं हाय.”

“कटरला दम लागत हुता. तुझं कटर म्हातारं हाय, माझ्यासारखं.”

“बरं, पुढं?”

पुढं एक लय सापडली. ओढा, सोडा. ओढा, सोडा. पहिल्या दिवशी ती काही केल्या सापडत नव्हती, पातं अडकायचं, वाकायचं. मग आपोआप आली. खांद्यातलं दुखणं खाली उतरलं आणि कुठंतरी निघून गेलं. वाटेवर अशी शांतता की चिमण्या शेजारच्या फांदीवर बसून बघायच्या. पीठ गळायचा आवाजसुद्धा यायचा.

“कटरच्या बोंबलन्यात?” मच्छिंद्र म्हणाला. “चिमण्या बसायच्या?”

“बहिऱ्या चिमण्या हुत्या.”

“आन ओढा-सोडा काय?” कल्याण म्हणाला. “कटर वडायचं असतं व्हय?”

“दोरी, बाबा, दोरी. सारखं बंद पडायचं त्ये.”

कल्याण माझ्याकडं बघत राहिला. मी त्याच्या बघण्याच्या आधी पुढं गेलो. खोडाचे तुकडे झाले. ते पहारीनं उलथून घळीत लोटले. कसे लोटले म्हणाल तर वाऱ्यानं हात दिला. त्याच वाऱ्यानं पाडलं होतं, त्याला लाज वाटली असेल. आणि मग एका सकाळी टँकरचा हॉर्न थेट ह्या अंगणात वाजला. बिभीषणानं खिडकीतून डोकं काढलं, मोकळी वाट बघितली, माझ्याकडं बघितलं. “आजोबा, एकट्यानं?” म्हणाला. मी म्हणालो, “एकट्यानं.” त्यानं पिंपं तर भरलीच, घागरी भरल्या, पातेली भरली. त्या दिवशी मी आंघोळ केली. डोक्यावरून पाणी घेतलं तेव्हा मला मी कोण ते परत ओळखू आलं.

“तवा कल्याण,” मी म्हणालो, “एकट्याचं काय हुतंय म्हनून इचारत हुतास ना? ह्ये हुतंय. वादळ आलं, एकट्यानं निभावलं. बाभळ पडली, एकट्यानं हलवली. भोसरीला कशाला न्यायचं असल्या मानसाला? तिथं बाभळी हायेत व्हय?”

मी चहाचा कप उचलला. तो केव्हाच संपला होता, तरी प्यायलो.

कल्याणनं टाचेवरचं तेल फडक्यानं पुसलं, सावकाश, एकेक बोट. मग म्हणाला, “त्येच तर.”

“काय त्येच?”

“एकट्यानं. आबा, त्ये चालतं कटर हाय. उसळी मारतं. तुमच्या मांडीत घुसलं असतं म्हंजी? खोड अंगावर आलं असतं म्हंजी? त्या वाटंवर पडून ऱ्हायला असता. आमाला कोन सांगनार हुतं? टँकरवाला? त्यो तरी यील तवा.” त्यानं फडकं आपटलं. “मी तिकडं मोळ्या बांधतोय आन हितं बाप एकटा कटर चालवतोय. तुमी आज ह्ये सांगितलं, बरं झालं. माझं मन जरा मागंपुढं हुत हुतं. आता न्हाई. दसऱ्याला पुष्पाकडं.”

“त्यांचं बरूबर हाय, मामा,” सविता हळू म्हणाली.

मी मच्छिंद्राकडं बघितलं. तो जमिनीवर काडीनं रेघा मारत होता.

आयुष्यभर मी थापांवर जगलो. एक थाप अडली की दुसरी तिला हात देते. त्या संध्याकाळी मात्र दुसरी आलीच नाही. सांगण्यासारखं एक उरलं होतं, पण ते मला चारचौघांत, अंगणात बसून सांगता येण्यासारखं नव्हतं. वस्तीवर तोंडं फार आहेत, आणि आता ती सगळी परत आली होती.

“एकट्यानंच केलं मी,” मी पुन्हा म्हणालो. “काय झालं मला? काय झालं?”

कुडाआड शेंगा मोडायचा आवाज थांबला होता. लंकाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. मला वाटलं, शेळीला काही सांगेल. शेळीलाही तसंच वाटलं असावं, तिनं मान वर केली. पण लंकाबाई शेळीला ओलांडून पुढं आली. पातेल्यांमधून, बांबूंमधून वाट काढत अंगणाच्या मधोमध आली, कल्याण आणि माझ्यामध्ये. पदर डोक्यावर घट्ट होता, पण तोंड उघडं होतं आणि नजर सरळ माझ्यावर.

“एकट्यानं व्हय, भावजी?” ती म्हणाली. “आन करवतीची दुसरी मूठ काय चांगुणीनं धरली हुती?”